मार्करचे पट्टे, पसरलेली रेघ आणि मळका पिवळा: मे महिन्यात एक तक्रार, पोळ्याला दुसरी

"ताई, मार्कर खराब निघाला. पट्टेच पट्टे येऊन राहिले."

मे महिन्यात हे मी जवळजवळ दर रविवारी ऐकते. नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी सात-आठ मुलं चित्रं काढायला येतात. कुणी आर्किटेक्चरला आहे, कुणी बारावीत, आणि दोघं गेमसाठी पात्रं आणि जागा रेखाटायला, म्हणजे कॉन्सेप्ट आर्ट शिकतायत. मग पाऊस सुरू होतो, पोळा जवळ येतो आणि तीच मुलं तेच मार्कर घेऊन उलटी तक्रार आणतात: "आता रंग रेघेबाहेर पळून राहिला." मधल्या दोन महिन्यांत एखाद्याने आई-बाबांच्या मागे लागून साठ रंगांचा नवा बॉक्स घेतलेला असतो. पट्टे त्याचेही पडतात, रंग त्याचाही पळतो.

मला याचं मनापासून वाईट वाटतं, कारण तो बॉक्स बहुतेक वेळा गरजेचाच नसतो. इतक्या वर्षांत माझ्यापुढे आलेल्या 'खराब' मार्करपैकी खरोखर खराब मार्कर थोडेच निघाले. दोष कागदात असतो, रेघ काढायच्या पेनात असतो, नाहीतर खोलीतल्या हवेत. म्हणून मार्करवर सगळ्यांत शेवटी संशय घ्यायचा.

आधी एक चिठ्ठी फाडा

ज्या कागदावर चित्र बिघडलं, त्याच कागदाची तळहाताएवढी चिठ्ठी घ्या. दुसरा कागद चालणार नाही. तिच्यावर घरात असतील त्या सगळ्या पेनांनी एकाखाली एक आडव्या रेघा ओढा: बॉलपेन, जेल पेन, फाइनलायनर (बारीक टोकाचं रेघेचं पेन), परमनंट मार्कर, पेन्सिल. पाच मिनिटं थांबा. आता तुमच्याकडच्या सगळ्यांत फिकट करड्या मार्करचा एक उभा पट्टा त्या रेघांवरून न्या, आणि शेजारी पोस्टाच्या तिकिटाएवढा चौकोन त्याच मार्करने भरा.

वाळल्यावर बघा. एखादी रेघ ओघळली असेल तर ते पेन दोषी. चौकोनाची कड केसाळ दिसत असेल तर कागद दोषी, किंवा कागद दमट आहे. चौकोनाच्या पोटात पट्टे असतील तर पुढचा भाग नीट वाचा. आणि चिठ्ठी उलटी केल्यावर मागे रंग उमटलेला दिसला, तर घाबरू नका. अल्कोहोल मार्कर, म्हणजे ज्याची शाई पाण्यातली नसून अल्कोहोलातली असते तो, कागदात आरपार जातोच, तो त्याचा स्वभाव आहे. खाली एक जादा कागद ठेवायचा एवढंच. मागचा डाग बघून कागद बदलणारी मुलं मी पाहिली आहेत. समोरची बाजू चांगली असेल तर कागद बदलायचं काही कारण नाही.

चिठ्ठीवर त्या दिवशीची तारीख लिहून ती जपून ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

एक गोष्ट इथेच तपासून घ्या: तुमच्या हातात आहे तो अल्कोहोल मार्करच आहे ना? वाळलेल्या रंगावर ओलं बोट फिरवा. रंग सुटून बोटाला लागला तर तो पाण्याच्या शाईचा आहे. ब्रश पेन म्हणून मिळणारी बरीच पेनं आणि शाळेतली स्केच पेनं अशीच असतात. ती वाईट नसतात, पण साध्या कागदावर त्यांचा सपाट थर बसत नाही; दुसऱ्यांदा घासलं की कागदाची लव उठते. अशा पेनांनी मोठी जागा भरायचा हट्ट सोडा आणि त्यांना बारीक कामाला ठेवा.

पट्टे का पडतात

अल्कोहोल मार्करमध्ये रंगद्रव्य अल्कोहोलात विरघळलेलं असतं. कागदावर टेकवल्यावर अल्कोहोल उडून जातं, रंग धाग्यांत राहतो. पहिला फटकारा ओला असतानाच दुसरा त्याला भिडला, तर दोन्ही एकमेकांत मिसळतात आणि सांधा दिसत नाही. पहिला वाळल्यावर दुसरा आला, तर जिथे दोन्ही एकमेकांवर चढतात तिथे दोन थर बसतात. तेवढी पट्टी गडद दिसते. पट्टा म्हणतात तो हाच. म्हणजे सगळा खेळ कड ओली राहण्याचा आहे.

आता नागपूरचा मे डोळ्यांपुढे आणा. पारा ४५च्या आसपास, हवा कोरडी, डोक्यावर पंखा पूर्ण वेगात. अशा खोलीत अल्कोहोल क्षणात उडतं. हात एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जाऊन परत येईपर्यंत कड वाळलेली असते. एका मुलीने मला तिचं जानेवारीतलं आणि मेमधलं काम शेजारी-शेजारी दाखवलं होतं. मार्कर तोच, मार्कर पॅड तोच. जानेवारीतलं आकाश एकसंध, मेमधलं पन्हाळी पत्र्यासारखं. तिला वाटत होतं की तिचा हातच बिघडला. मी तिला पंखा बंद करून त्याच दिवशी, त्याच टेबलावर एक चौकोन भरायला लावला. तो जवळजवळ सपाट आला.

तर मेमध्ये पहिलं काम: रंग भरायच्या त्या दोन मिनिटांपुरता पंखा बंद, आणि कूलरचा झोत कागदावर येणार नाही अशी बैठक. खिडकी मात्र उघडीच ठेवा. या शाईचा वास बंद खोलीत डोक्यात जातो आणि ती पेट घेणारी आहे, त्यामुळे शेजारी उदबत्ती किंवा डासांची कॉइल नको. शक्य असेल तर मोठ्या जागा सकाळी सातच्या आत भरा. दुपारी रेघांचं काम करा.

दुसरं, जागा तोडून घ्या. पानभर आकाश एका दमात कुणालाच ओलं ठेवता येत नाही. झाडाची फांदी, विजेची तार, इमारतीची कड जिथे येते तिथे थांबायचं. सांधा त्या रेघेखाली लपतो. मोठ्या जागेला चपटं, तिरकं कापलेलं टोक वापरा. ब्रश टोकाने भिंत रंगवायला बसलं की पट्टे पडणारच. फटकारे एकाच दिशेने, प्रत्येक नवा फटकारा आधीच्या ओल्या कडेवर थोडा चढवून.

तिसरं, आकाराच्या दिशेने जा. दीक्षाभूमीचा घुमट काढायला दिला की बहुतेक जण आडव्या रेघांनी भरतात आणि घुमट सपाट ताट होतो. तो पांढरा आहे, म्हणून उजेडाच्या बाजूला कागद कोराच सोडायचा. सावलीच्या बाजूला आधी फिकट करडा लावायचा, तो ओला असतानाच कडेला एक पायरी गडद करडा टेकवायचा, आणि दोघांच्या सांध्यावरून पुन्हा फिकट फिरवायचा. फटकारे घुमटाच्या वळणाने. फिकट, गडद, फिकट, ही सवय एकदा हाताला लागली की ब्लेंडर नावाचं रंगहीन पेन फारसं लागत नाही. तसंही तो ब्लेंडर रंग मिसळण्यापेक्षा रंगाला बाजूला ढकलण्याचं काम जास्त चांगलं करतो. रेघेबाहेर गेलेला रंग थोडा आत रेटायला मी तो ठेवते.

इतकं करूनही पट्टे राहिले, तर पूर्ण वाळू द्या आणि त्याच मार्करचा दुसरा हात आडव्या दिशेने द्या. रंग एक पायरी गडद होईल, पण पट्टे बरेच झाकले जातील. म्हणून पहिला हात नेहमी हवा त्यापेक्षा थोडा फिकट ठेवावा.

कागद, खर्च करायची खरी जागा

जाड कागद म्हणजे चांगला कागद, हा समज सीताबर्डीच्या बाजारातल्या दुकानात रोज ऐकू येतो. मार्करच्या बाबतीत तो चुकीचा आहे. कागद शाई किती पितो हे त्याच्या पृष्ठभागावर ठरतं, वजनावर नाही.

कार्ट्रिज शीट जाड असते, पेन्सिलला उत्तम असते, एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षेपासून आपल्या हाताला तिची सवय असते. पण ती तहानलेली असते. मार्करची शाई शोषत राहते, कड लगेच वाळते, पट्टे पडतात आणि मार्कर लवकर रिकामा होतो. 'माझे मार्कर महिनाभरसुद्धा टिकत नाहीत' म्हणणाऱ्याच्या पिशवीत मला बहुतेक वेळा कार्ट्रिजच सापडते. जलरंगाचा खरखरीत कागद त्याहून वाईट. तो मार्करचं टोकही झिजवतो.

खास मार्कर पॅडचा कागद हातात घेतला तर पातळ वाटतो, साधारण ७० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन). पण त्याच्यावर असा थर असतो की शाई फार खोल न जाता वर रेंगाळते, कड ओली राहते, रंग मिसळायला वेळ मिळतो. शिवाय तो थोडा पारदर्शक असतो. कॉन्सेप्टच्या कामात हे फार मोलाचं आहे: खाली कच्चं रेखाटन ठेवून त्याच पात्राचे चार वेगळे पोशाख तासाभरात काढता येतात. घाईच्या, पुन्हा-पुन्हा बदलायच्या कामाला माझी पहिली पसंती हाच.

शेवटचं, दाखवायचं चित्र असेल तर ब्रिस्टल नावाचा जाड, गुळगुळीत कागद, नाहीतर गुळगुळीत आयव्हरी शीट. आयव्हरी स्वस्त पडते आणि कुठेही मिळते, पण दोन्ही बाजूंना चिठ्ठीची परीक्षा घ्या. कधी कधी एकच बाजू चांगली निघते. झेरॉक्सचा ७५ जीएसएमचा कागद कल्पनांच्या छोट्या, कच्च्या रेखाटनांना चालतो. त्याच्यावर रंग पसरतो हे गृहीत धरून रेघेच्या आत थांबायचं.

आर्किटेक्चरच्या मुलांना ट्रेसिंग आणि बटर पेपर जवळचे. त्यावर रेघ पुढून आणि रंग मागून लावायची जुनी रीत आहे. रेघ पुसट होत नाही आणि रंगही मऊ दिसतो. हा कागद शाई पीत नाही, त्यामुळे ती वरच वाळते. हात ठेवायची घाई करू नका.

पैसे मोजकेच असतील, आणि ते बहुतेकांचे असतात, तर माझं म्हणणं स्पष्ट आहे: चार मार्कर आणि एक चांगलं पॅड घ्या. साठ मार्कर आणि कार्ट्रिज नको.

पावसाळ्यात रंग पळतो तेव्हा

जुलै-ऑगस्टमध्ये कागद हवेतली ओल धरतो. दमट कागदावर रंग रेघ ओलांडून जातो, कड केसाळ होते. मेमधली आणि आत्ताची अशा दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या की फरक लगेच कळतो. म्हणूनच तारीख लिहायला सांगितलं.

उपाय साधे आहेत. पॅड प्लास्टिकच्या पिशवीत, आत सिलिका जेलच्या पुड्या. नव्या बुटांच्या खोक्यात येतात त्याच. लोखंडी कपाटात, भिंतीला न टेकवता. काम सुरू करायच्या आधी लागतील तेवढेच कागद काढा. रंग भरताना रेघेच्या एक मिलिमीटर अलीकडे थांबा, शाई स्वतः तिथवर जाते. टोक एका जागी टेकवून विचार करत बसू नका. जितका वेळ टेकलेलं, तितका डाग मोठा. आणि कूलर. पाऊस सुरू झाल्यावरही काही घरांत तो चालूच असतो. तो खोलीत ओल आणतो. कागदाचं कपाट त्याच खोलीत नको.

रेघ ओघळते

इथे निदान सोपं आहे, कारण चिठ्ठीने नाव सांगितलेलंच असतं. बॉलपेनची आणि परमनंट मार्करची शाई अल्कोहोलात विरघळते. मार्कर वरून गेला की ती निघते, रंग मळतो आणि मार्करचं टोकही काळं होतं. जेल पेनांचा भरवसा नाही. काही टिकतात, काही नाही. पिगमेंट शाईचे, म्हणजे न विरघळणाऱ्या रंगकणांच्या शाईचे, फाइनलायनर टिकतात. मायक्रॉन, युनि पिन, स्टेडलरचे पिगमेंट लायनर, यातलं जे मिळेल ते. मायक्रॉनवरचा आकडा मिलिमीटर नसतो, यात बरेच जण फसतात: ०१ म्हणजे ०.२५ मिमी आणि ०५ म्हणजे ०.४५ मिमी. सुरुवातीला हे दोन पुरतात.

पिगमेंट पेनसुद्धा वाळायला वेळ घेतं. जाड काळी जागा भरली असेल तर घाई नको. मार्करच्या ओल्या रंगावर ते चालवू नका, टोक चोंदतं. पांढरं जेल पेन सगळ्यांत शेवटी. त्याच्यावरून मार्कर गेला तर दोन्ही बिघडतात.

पेन्सिलची रेघ मार्करखाली गेली की नंतर खोडरबराने नीट निघत नाही. फिकट हात, एचबी पेन्सिल, आणि रंगाआधी मळता येणाऱ्या खोडरबराने दाबून उचलणं. ६बी मार्करच्या कामात नकोच. तिची भुकटी पिवळ्या-गुलाबी टोकांना लागते आणि मग प्रत्येक फटकाऱ्यात करडेपणा येतो.

यापेक्षा चांगला मार्ग मला झेरॉक्सच्या दुकानात सापडला. कोपिक या जपानी मार्करचं नावच इंग्रजीतल्या 'कॉपी'वरून आलं आहे. जपानमध्ये १९८७ साली हे मार्कर आले तेव्हा डिझाइनवाले आपल्या रेखाटनाच्या झेरॉक्सवर रंग भरत, आणि जुन्या मार्करमधलं द्रावण झेरॉक्सचा टोनर, म्हणजे छपाईची काळी भुकटी, विरघळवत असे. कोपिकची अल्कोहोल शाई तो विरघळवत नाही. म्हणजे तुम्ही बॉलपेनने काढलेलं रेखाटनसुद्धा झेरॉक्स करून आणलंत, तर त्या प्रतीवरची रेघ हलत नाही. मूळ चित्र सुरक्षित राहतं आणि रंगांचे पाच प्रयोग पाच प्रतींवर करता येतात. कॉलेजांच्या आसपासच्या दुकानांत आयव्हरी शीटवरही प्रत काढून देतात. कागद आपला न्या, आणि मशीन लेझरचं आहे ना हे विचारा. इंकजेटची शाई वेगळी असते, तिची चिठ्ठीवर परीक्षा घेतल्याशिवाय विश्वास नको.

मळका पिवळा

ही तक्रार दरवर्षी तान्ह्या पोळ्यानंतरच्या रविवारी येते, कारण तेव्हा सगळ्यांना मारबत, म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या मिरवणुकीतला भला मोठा पुतळा, काढायची असते. इतवारीत काळी आणि पिवळी मारबत बघून आलेली मुलं, कानात अजून "ईडा पीडा घेऊन जा गे मारबत" घुमतंय, आणि त्यांना त्या पुतळ्यातून एखादी चालती, जिवंत राक्षसीण बनवायची असते. कॉन्सेप्ट आर्टला याहून चांगला विषय मी कुठून आणू? आकार प्रचंड, बांबूचा सांगाडा, कागदाची कातडी, मोठे डोळे, भोवती गर्दी, म्हणजे मापाचा अंदाजही येतो.

आणि मग पिवळी मारबत हिरवट होते. कारण मुलं आधी डोळ्यांचा, केसांचा काळा भरून टाकतात आणि त्याला खेटून पिवळा. पिवळ्याची शाई काळ्याला सोडवते, आणि थोडा काळा पिवळ्यात गेला की शेवाळी रंग तयार होतो. शिवाय पिवळ्या मार्करचं टोक बाटतं. पुढच्या कागदावरही तोच शेवाळी येतो, मग 'मार्कर खराब'.

क्रम उलटा करा. सगळ्यांत फिकट रंग आधी, पूर्ण वाळू द्या, काळा शेवटी. काळ्याच्या कडेला फाइनलायनरची रेघ बांध म्हणून ठेवा. टोक बाटलंच असेल तर कोऱ्या मार्कर कागदावर ते घासत राहा. स्वच्छ पिवळा येईपर्यंत. बहुतेक वेळा येतो.

दुसरं कारण सावलीचं. पिवळ्यावर थंड, निळसर करडा लावला की तोही हिरवट होतो. पिवळ्याची सावली गेरूकडे, मातकट तपकिरीकडे न्या, किंवा उबदार करडा वापरा.

मग घ्यायचे कोणते

करडे. आधी फक्त करडे. कोपिकमध्ये करड्यांची चार कुळं आहेत: सी थंड, डब्ल्यू उबदार, एन मधला आणि टी टोनरच्या छटेचा. अक्षरापुढचा आकडा वाढेल तसा रंग गडद. एकच कुळ निवडा आणि १, ३, ५, ७ असे एकाआड एक चार घ्या. मधल्या पायऱ्या दोन हात देऊन मिळतात. इतर कंपन्याही अशीच अक्षरं वापरतात, पण एकीचा ३ दुसरीच्या ३शी जुळेलच असं नाही. म्हणून कुळ आणि कंपनी अर्ध्यावर बदलू नका. भारतीय ब्रुस्ट्रोचे करडे शिकायला पुरेसे आहेत. कोपिक महाग पडतो, पण त्याची शाई पुन्हा भरता येते आणि टोक बदलता येतं. रोज काम करणाऱ्याला पुढे तोच परवडतो.

नागपूरसाठी मी उबदार कुळ सुचवते. आपल्या धुळीला, विटांना, वैशाखातल्या दुपारच्या सावल्यांना ते शोभतं. नागपुरात रेल्वेचे रूळ एकमेकांना छेदतात त्या डायमंड क्रॉसिंगचा फोटो समोर ठेवून रूळ, खडी, खांब आणि डबे फक्त या चार करड्यांत काढून बघा. चार पायऱ्यांत जे जमत नाही ते साठ रंगांत झाकलं जातं, सुधारत नाही. करडे हातात बसले की मग एक गेरू, एक आकाशी, एक विटकरी, असे कामाप्रमाणे एकेक सुटे रंग घ्या.

टोपणाच्या रंगावर विश्वास नको. प्रत्येक मार्करचा चौकोन तुमच्या नेहमीच्या कागदावर भरून, एक हात आणि दोन हात असे दोन्ही, नमुन्याचं कार्ड करा.

खरोखर सुकलेला मार्कर

सगळं तपासून झालं आणि तरी चपट्या टोकाचा फटकारा मधूनच कोरडा, खरखरीत येत असेल, टोक कागदावर करकरत असेल, तर मात्र शाई संपत आली आहे. शाई भरता येणारा असेल तर भरा. नसेल तर टोकावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन-तीन थेंब सोडून टोपण लावून रात्रभर आडवा ठेवा. काही दिवस चालतो, रंग थोडा फिका येतो. सॅनिटायझर ओतू नका. त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीनही असतं, टोक चिकट होतं.

दोन तोंडांचे मार्कर आडवेच ठेवावेत. उभे ठेवले की वरचं तोंड कोरडं पडतं. टोपण 'टक्' आवाज येईपर्यंत दाबायचं. आणि मेमध्ये गाडीच्या डिकीत पिशवी विसरू नका.

पूर्ण झालेलं चित्र उन्हाच्या खिडकीसमोर टांगू नका, या रंगांना उजेड सोसत नाही. झालं की त्याच दिवशी स्कॅन करून फाइलमध्ये ठेवा, आणि त्याच फाइलच्या शेवटच्या कप्प्यात तारखा लिहिलेल्या चिठ्ठ्या. माझ्याकडे आता मेच्या आणि ऑगस्टच्या मिळून गठ्ठाभर झाल्या आहेत. कुणी "मार्कर खराब निघाला" म्हणत आलं की मी आधी तो गठ्ठाच पुढे करते.